वखारीतलं रान

ता. ८ डिसेंबर

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन महिना उलटला आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तुम्ही फुगून बसला असाल. बसा. पण कारण ऐकलंत तर तुमचा राग टिकणार नाही. आमची रोपं मेली. ओढ्याकाठची चार-दोन काटेरी झुडपं तेवढी तग धरून आहेत, बाकी उतारावर नुसत्या वाळक्या काटक्या उभ्या.

डोंगराला आग लागल्यापासून आम्ही गल्लीतल्या बायका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत रोपं वाढवतो, हे तुम्ही मागच्या खेपेला पाहिलंच आहे. जिथे डोंगरावरची झाडं कापून यायची तिथूनच आता झाडं वर जाणार, असं तुमचे दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत असतात. यंदा पावसात आम्ही ती वर नेऊन लावली. काय देखणी होती म्हणून सांगू! कमरेएवढी उंच, पानं अशी तुकतुकीत की गालाला लावावीत. पाऊस उघडला, चार दिवस ऊन पडलं आणि सगळ्यांनी एकदम माना टाकल्या. शिलाईवाल्या काकू तर तिथेच उतारावर बसून रडल्या.

वनखात्याचे तपासनीस येऊन पाहून गेले. हातात सदा मोजपट्टी असते म्हणून आम्ही त्यांना पट्टीवाले म्हणतो. माणूस वाईट नाही, पण बोलतो मोजून. म्हणाले, हाच उतार आणखी एकदा देतो. पुढच्या पावसात लावा, त्यानंतरचा उन्हाळा सरला की मी येऊन मोजीन. निम्म्याहून जास्त जगली तर जळलेला अख्खा डोंगर तुमच्या हवाली. नाही जगली तर ठेकेदार तयारच आहे. तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाच जातीची, झटपट वाढणारी झाडं रांगेत ठोकणार. त्यांना ना फळ, ना सावली, ना पाखराला बसायला जागा. आताच वर खायला काही उरलं नाही म्हणून माकडं गावात उतरतात. परवा एकाने दादांचा दाढीचा आरसा पळवला आणि कौलांवर बसून स्वतःला निरखत राहिलं. दादांनी उभ्या जन्मात आरशात इतका वेळ पाहिलं नसेल.

मी थट्टा करतेय खरी, पण झोप उडालीय. लग्न होऊन या घरात आले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवं दिसायचं. आता काळं दिसतं. ते काळं बघत मला म्हातारं व्हायचं नाही. हट्ट म्हणा हवं तर, पण मला तो डोंगर परत हवाय. आणि आमचं कुठे चुकलं तेच कळत नाही. खायला-प्यायला काही कमी केलं नव्हतं.

तब्येतीला जपा. राग गेला असेल तर दोन ओळी पाठवा, नसेल गेला तर चार पाठवा.

तुमची
वहिनी

ता. १९ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

राग वगैरे काही नाही. पत्र रात्रपाळीहून आल्यावर वाचलं आणि चहा तसाच राहिला. वाईट वाटलं. पण खरं सांगू? आश्चर्य वाटलं नाही. तुझ्या हाताखाली वाढलेली ना ती रोपं!

मी आले होते तेव्हाचं आठव. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, दुपारी कोमेजल्यासारखी वाटली म्हणून पुन्हा शिंपडणं. वर दिवसभर ती हिरवी जाळी, म्हणजे उन्हाचा कवडसा लागायला नको. शिलाईवाल्या काकू ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होत्या, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. आणि मग एक दिवस उचलून त्यांना उघड्या बोडक्या डोंगरावर नेऊन सोडलंत. माना टाकतील नाहीतर काय करतील?

आमच्या वॉर्डात रोज हेच चालतं. ऑपरेशन झालेल्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी उठवून बसवते, तिसऱ्या दिवशी चालायला लावते. नातेवाईक मला शिव्या घालतात. पण ज्यांचे घरचे लाडाने उशा लावून निजवून ठेवतात तेच घरी जाताना जिन्यात कोसळतात. मी माळीण नाही, तेव्हा तुझ्या पट्टीवाल्यांना विचारून घे, पण मला वाटतं रोपांनाही डोंगराची सवय इथेच करायला हवी. लावायच्या आधी दोन-तीन महिने जाळी हळूहळू काढ. पाणी तोड. रोपांच्या पिशव्या एकाच जागी ठेवू नकोस, मुळं खालच्या जमिनीत शिरून बसतात. दर थोड्या दिवसांनी उचलून जागा बदल.

तू माझ्या दादाला इतकी वर्षं गरम पाणी काढून देतेस, त्याचं काय झालंय बघ. थंड पाण्याचा नुसता विषय निघाला तरी शिंका देतो. निदान रोपांच्या बाबतीत तरी कठोर हो.

दादाला नमस्कार. आणि रडत बसलेल्या काकूंना सांग, मीही पहिला पेशंट गेला तेव्हा अशीच बसले होते.

तुझी
नणंद

ता. २ मे

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी वखारीत सगळ्यांना वाचून दाखवलं. दादांचा परिच्छेद गाळला. पट्टीवाल्यांनाही विचारलं. ते चक्क हसले आणि म्हणाले, रोपं काटक करणं म्हणतात त्याला, तुमच्या नणंदबाईंना आमच्या खात्यात पाठवा.

तेव्हा नव्या दमाने सुरुवात केली. बेकरीवालीने पलीकडच्या न जळलेल्या रानातून बिया गोळा करून आणल्या. उंबर, आवळा, रानबोर, शेंगांची झाडं, सगळी सरमिसळ. वखारीत प्रत्येकीला, आणि हौसेने सामील झालेल्या शाळेच्या हेडमास्तरांनाही, एकेक वाफा वाटून दिला आणि आपापल्या वाफ्यातल्या पिशव्यांची जबाबदारी आपापली. उगवली छान. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे जाळी काढायला घेतली. त्या दिवशी वखारीत असं वातावरण की कुणाचं लेकरू परगावी शिकायला निघालंय. पाणी तिसऱ्या दिवशी घालायचं ठरलं. मुख्य नळाला मी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. बायका माझ्याकडे अशा बघायच्या जणू मी कसाई.

आता गंमत ऐका. इतकं करूनही आमच्या एकाही रोपाने मान टाकली नाही! पान न् पान ताजंतवानं. मला वाटलं, काय गुणी जात आहे, तहान लागली तरी तक्रार नाही. पट्टीवाल्यांना अभिमानाने दाखवायला नेलं. त्यांनी एका रोपाचं खोड दोन बोटांत धरून वाकवलं आणि कपाळाला आठी घातली. म्हणाले, हे अजून लोण्यासारखं मऊ आहे, हे काटक झालेलं नाही. खात्री करायला म्हणून थोडी रोपं उतारावर नेऊन ठेवली. आठवड्याच्या आत गेली.

वन्सं, पाऊस महिन्यावर आलाय. तुमचा उपाय आम्ही तंतोतंत केला आणि तरी हे असं. माझी मती गुंग झाली आहे. ठेकेदाराची माणसं परवा डोंगरावर दोऱ्या लावून मापं घेताना दिसली. मी खिडकी लावून घेतली.

लवकर लिहा. फोन करू नका, फोनवर तुम्ही ओरडता.

तुमची
वहिनी

ता. १० मे

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डातल्या टेबलावर उघडलं आणि एवढ्या मोठ्याने हसले की तीन पेशंट जागे झाले.

अगं वहिनी, तुझी रोपं गुणी नाहीत, त्यांना चोरून पाणी मिळतंय! ज्या पेशंटला आम्ही उपाशी ठेवलंय आणि जो भुकेची एका शब्दाने तक्रार करत नाही, त्याची मी आधी उशी उचलून बघते. हटकून खाली बिस्किटाचा पुडा सापडतो. आणि तो आणून देणारं माणूस त्याचं वैरी नसतं, सगळ्यात जवळचं असतं.

तुझ्या नळाला कुलूप आहे, पण बायकांच्या घरी नळ आहेत की नाहीत? गाव जेवून आडवं होतं त्या दुपारच्या वेळेला वखारीत जाऊन लपून बस. आणि जे कुणी सापडेल त्याच्यावर फार ओरडू नकोस. माझ्याकडे बघून नव्हे, तर निदान बिस्किटाच्या पुड्यांकडे बघून.

काय होतं ते उलट टपाली कळव. मला आता दम निघत नाही.

तुझी
नणंद

ता. ८ जून

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या तोंडात साखर घालावी की तुमच्याशी अबोला धरावा, ते ठरत नाहीये.

पत्र मिळालं त्याच दुपारी मी वखारीत फळ्यांच्या ढिगामागे जाऊन बसले. बसते न बसते तोच मागचं दार कुरकुरलं. शिलाईवाल्या काकू, हातात चहाची किटली. इकडेतिकडे बघितलं, आपल्या वाफ्याला घसाघसा पाणी घातलं, पदराने किटली झाकली आणि गेल्या. मी उठणार तोच पुढच्या दाराने बेकरीवाली. तिने पावाच्या टोपलीत बाटल्या लपवून आणल्या होत्या. ती गेली तशी डाकवाल्याची बायको. मग हेडमास्तर. हो, हेडमास्तरसुद्धा! शेकायच्या रबरी पिशवीतून पाणी सोडत होते आणि वर रोपांना हळू आवाजात काहीतरी समजावत होते. मला हसू आवरेना, तोंडात पदर कोंबला. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच हे पाप करतोय, बाकीचे बिचारे नियमाने वागतायत.

शेवटी दार पुन्हा वाजलं आणि दाढीचा मग घेऊन तुमचे दादा आत आले. माझ्या वाफ्याला पाणी घालायला! मी फळ्यांमागून उभी राहिले तर तो मग त्यांच्या हातातून पडला. म्हणाले, तू कठोर झालीस, कुणीतरी मऊ राहायला हवं ना. आता यावर भांडायचं कसं, तुम्हीच सांगा. आणि माझं स्वतःचं नाव या यादीत का नाही, असं विचारू नका. किल्ली माझ्याच कमरेला होती, मला चोरून दार ढकलायची गरजच नव्हती.

संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं आणि दुपारची हकिकत सांगितली. आधी माना खाली, मग एकमेकींकडे बघणं, आणि मग जे हसू फुटलं ते थांबेना. पण हसून झाल्यावर प्रश्न तसाच. उद्यापासून नाही घालणार असं सगळ्यांनी कबूल केलं, पण कुणाचाच स्वतःवर भरवसा नव्हता. शेवटी शिलाईवाल्या काकू म्हणाल्या, मला माझ्या वाफ्याकडे बघवत नाही, पण बेकरीवालीच्या वाफ्याचे मी काही लाड करणार नाही. ऐकताच आम्ही सगळ्या उठलो. मग तिथल्या तिथे वाफ्यांची अदलाबदल केली. माझा हेडमास्तरांकडे, हेडमास्तरांचा डाकवाल्याच्या बायकोकडे, असं फिरवून टाकलं. स्वतःच्या पोराला रागवायला जीव होत नाही, पण शेजारणीच्याला वळण लावायला किती हुरूप येतो, ते काय सांगू! काकू तर बेकरीवालीच्या रोपांकडे अशा बघतात की मलाच तहान लागते.

निकाल बघूनच लिहायचं ठरवलं म्हणून पत्राला उशीर झाला. आता रोपं दिसायला अगदी कुरूप झाली आहेत. बुटकी, जाड चामड्यासारख्या पानांची, खोड काटकीसारखं. गल्लीतल्या कुणालाही ती आपली म्हणायची लाज वाटेल. पट्टीवाल्यांनी खोड वाकवून पाहिलं, ते वाकलं नाही. मग त्यांनी दोनदा मान डोलावली. त्यांच्या हिशेबाने हे भाषणच झालं.

पाऊस आला की लावायची. देवाला काय सांगायचं ते तुम्ही तुमच्या परीने सांगा.

तुमची
वहिनी

ता. ४ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात लावली तेव्हापासून दर पत्रात मी सगळं ठीक आहे असं लिहीत आले. ते खरंही होतं. या पत्रात मात्र तसं लिहिता येत नाही.

ऊन यंदा भाजून काढतंय. ओढ्यात पाण्याचा टिपूस नाही. आणि उतारावरच्या रोपांनी पानं टाकायला सुरुवात केली, ती आता बहुतेकांच्या अंगावर एकही पान नाही. खालून बघितलं तर गेल्या वेळेसारखंच, काटक्याच काटक्या. बाजारात एकाने तोंडावर विचारलं, काय वहिनी, यंदाही सरपणाचीच लागवड का? मी भाजी न घेता परत आले.

पट्टीवाले म्हणतात, सालीवर नखाने जरासं खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर जिवंत आहे. हे सांगायला नको होतं. बेकरीवाली दर सकाळी जाऊन सगळ्यांना खरवडून येते. माझी रोपं उन्हाने नाही मेली तर तिच्या नखांनी मरतील. वर घागरी वाहून न्याव्यात असं दादांसकट सगळ्यांच्या मनात आहे. मलाही वाटतं. तुम्ही नाही म्हणा म्हणजे मी नाही म्हणेन.

तुमची
वहिनी

ता. ९ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

नाही.

पानं टाकली म्हणजे रोपं घाबरली नाहीत, शहाणी झाली. पाणी वाचवतायत ती. आता घागरी नेल्यास तर त्यांना वाटेल पुन्हा लाड सुरू झाले, कोवळी पालवी काढतील आणि पुढच्या उन्हात होरपळतील. बेकरीवालीची नखं कापून टाक.

वहिनी, तुला सांगते, ताप उतरायच्या आधीची वेळ सगळ्यात वाईट असते. करायचं सगळं करून झालेलं असतं आणि नुसतं खुर्चीवर बसून राहायचं असतं. मला नोकरीत इतकी वर्षं झाली तरी ते जमत नाही. मीही इथे बसून आहे. वॉर्डातल्या एका आजीबाईंना मी तुझी पत्रं वाचून दाखवते, त्या रोज सकाळी गोळी घेताना विचारतात, डोंगर कसा आहे? मी सांगते, झोपलाय.

बाजारात विचारणाऱ्याला सांग, माझी नणंद इंजेक्शन देते, सुई मोठी आहे.

तुझी
नणंद

ता. १६ जून

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

डोंगर आपला झाला!

आधी हे लिहून टाकलं, आता सावकाश सांगते. वळवाचे दोन-तीन पाऊस झाले आणि एका सकाळी बेकरीवाली ओरडत गल्लीत आली. आम्हाला वाटलं पुन्हा आग लागली. सगळे धावत वर गेलो. काटक्यांना पालवी, वन्सं! बोटाच्या नखाएवढी, तांबूस, खालपासून वरपर्यंत. शिलाईवाल्या काकूंनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. दादा दगडावर बसून सगळ्यांदेखत रडले आणि वर म्हणाले, उन्हाने डोळ्यांत पाणी येतं.

पट्टीवाले ठरल्या दिवशी आले, बरोबर दोन मदतनीस. आम्ही सगळे मागे. ते एकेका रोपाजवळ थांबणार, पट्टी लावणार, पुढे जाणार. आणि मोजणी म्हणजे काय विचारू नका. प्रत्येक हिरव्या रोपापाशी दोघी दोघी पुढे. वाढवणारी म्हणते माझं, उन्हात ठेवणारी म्हणते माझं. हेडमास्तर आणि डाकवाल्याची बायको एका उंबरावरून असे भांडले की पट्टीवाल्यांना सांगावं लागलं, झाड दोघांचंही लिहितो, पण मला पुढे जाऊ द्या. मेलेलं दिसलं की मात्र सगळे आकाशाकडे बघायचे.

निम्मी कुठली, वन्सं, मेलेली शोधावी लागत होती. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी पट्टी मिटवली, टोपी काढून घाम पुसला आणि सांगितलं की ठेकेदाराला आजच कळवतो, डोंगर तुमचा. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस न मोजता बोलला असेल. म्हणाला, मी इतकी रोपं लावलेली पाहिली, पण इतकी रागावून वाढवलेली पाहिली नाहीत. आम्ही सगळ्यांनी जो गलका केला तो बाजारापर्यंत ऐकू गेला म्हणतात. जावा. तिथपर्यंतच जायला हवा होता.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. उतरताना आम्ही ओढ्याच्या बाजूने आलो. तिथे गुरं येऊ नयेत म्हणून आम्ही खांब रोवून काटेरी कुंपण घातलंय, त्याच्या आतली जमिनीची पट्टी मोकळीच आहे. तिथे आम्ही काही लावलेलं नाही. ओलसर मातीत हरणांच्या खुरांचे ठसे होते, ताजे. ते बघायला सगळे वाकलो, आणि पट्टीवाले एका खांबाच्या बुडाशी थांबले. तिथे एक रोप होतं. पुढच्या खांबाशी आणखी एक. त्याच्या पुढच्याशी दोन. त्यांनी विचारलं, ही कुणाच्या वाफ्यातली?

दिवसभर ज्या माझं माझं म्हणून एकमेकींच्या अंगावर धावत होत्या त्या सगळ्या पाऊलभर मागे सरल्या. काकूंनी बेकरीवालीकडे बघितलं, बेकरीवालीने माझ्याकडे. मी हेडमास्तरांकडे. कुणीच माझं म्हणेना, कारण कुणाचंच नव्हतं. पट्टीवाले गुडघ्यावर बसले, पान उलटून पाहिलं आणि हळूच म्हणाले, या जातीचं झाड या डोंगरावर आगीआधी होतं, तुमच्या वखारीत ते कधीच नव्हतं. पलीकडच्या रानातलं फळ खाऊन पाखरं या खांबांवर येऊन बसली असणार, त्यांनी टाकलेलं हे बी. ते रोप मोजायचं की नाही, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. आम्ही सगळे त्याला वळसा घालून, पाय जपून टाकत खाली आलो.

आता घाईत संपवते. वखारीत माती चाळायला सगळ्या जमल्यात आणि मला हाका मारतायत, कारण उरलेला सबंध डोंगर बाकी आहे. तुमच्या आजीबाईंना सांगा, जागा झाला.

तुमच्या मायेवर आमचा हक्क आहे, तो सोडणार नाही एवढं लक्षात ठेवा.

तुमची
वहिनी